हॉस्पिस आणि लिव्हिंग विलसाठी सरकारकडे नेमकं मागायचं काय?

प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तालुक्याच्या गावात तुमचा आठ-दहा जणांचा ग्रुप आहे, कॅन्सरच्या आणि पॅरॅलिसिसच्या अंथरुणाला खिळलेल्या पेशंटकडे तुम्ही घरी जाता. पालकमंत्र्यांना निवेदन दिलं की जिल्ह्यात हॉस्पिस (बरं न होणाऱ्या पेशंटची शेवटपर्यंत काळजी घेणारी जागा) व्हावं आणि लिव्हिंग विलबद्दल (शेवटच्या काळात कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवलेला कागद) शासनाने जनजागृती करावी. फोटो निघाला, पेपरात आला, वर्ष उलटलं, पुढे काही नाही. आता कुणाला भेटायचं आणि काय बोलायचं?

मी वीसेक वर्षं याच कामात आहे, आधी वॉर्डात, मग घरोघरी, आणि त्यातली बरीच वर्षं सरकारी ऑफिसांच्या बाहेरच्या बाकड्यांवर गेली. त्यामुळे जे सांगतोय ते शहाणपण कमी आणि खाल्लेले टक्केटोणपे जास्त.

पहिलं निवेदन मीही असंच दिलं होतं. पानभर भावनिक मजकूर, शेवटी "तरी मायबाप सरकारने". ते पत्र वर शेरा पडून खाली आलं, "उचित कार्यवाहीसाठी", तिथून संचालकांकडे, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, आणि पाच महिन्यांनी आमच्याच संस्थेच्या पत्त्यावर पाकीट आलं की सदर विषयाबाबत आपल्या स्तरावर कार्यवाही करून अहवाल सादर करावा. म्हणजे आम्हीच मागितलं आणि आम्हालाच करायला सांगितलं. हसलो तेव्हा, पण चूक त्यांची कमी आणि आमची जास्त होती. त्या पत्रात कुठल्याच टेबलावरच्या माणसाला सही करता येईल असं एकही वाक्य नव्हतं. दुसऱ्या खेपेला मी शहाणा होऊन आकडे घेऊन गेलो, की मरणाच्या गुणवत्तेच्या त्या जागतिक यादीत भारत २०१० ला ४० देशांत ४० वा होता आणि २०१५ ला ८० देशांत ६७ वा. कक्ष अधिकारी बाई भल्या होत्या, पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "हो, पण डॉक्टर, यात आमच्या डेस्कने नक्की काय करायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो प्रश्न मी अजून प्रत्येक मीटिंगच्या आधी स्वतःला विचारतो.

तर मुद्दा असा की धोरण मागायला जाऊ नका, धोरणं झालेली आहेत. केंद्राचा राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर (आजार बरा होत नसला तरी त्रास कमी करणारे उपचार) कार्यक्रम २०१२ चा आहे. महाराष्ट्राचं धोरणही त्याच वर्षाचं, केरळने २००८ मध्ये केलं त्यानंतर आपण, म्हणजे आपण काही फार मागे नव्हतो. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या ज्या १२ सेवा भिंतीवर रंगवलेल्या असतात त्यात ज्येष्ठांची आणि पॅलिएटिव्ह सेवा आहे, तुमच्या गावच्या उपकेंद्राच्या भिंतीवर जाऊन बघा, बहुतेक असेल. कागद आहे, पण त्या कागदातून नर्सचा पगार, गाडीचं डिझेल आणि तीव्र वेदनेवरची मॉर्फिनची गोळी निघायला जी सही लागते ती कुणीतरी कुठेतरी केलेली नसते. तुमचं काम ती सही शोधायचं.

आता हॉस्पिसची इमारत. मला कळतंय तुम्हाला ती का हवीय, दारावर पाटी असली की लोकांना काम दिसतं. मुंबईत बांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस तेच, गोव्यात लोटलीला त्यांचीच शाखा आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं सेंटर १९९७ पासून मोफत चालतंय. तिन्ही चांगली, आणि तिन्ही सरकारने बांधलेली नाहीत. तालुक्याला सरकारकडून वीस खाटांची इमारत मागितलीत तर जागा, बांधकाम विभाग, पदनिर्मिती, वित्त विभागाची मान्यता, दहा वर्षं गेली, आणि उद्घाटन झाल्यावर स्टाफ नाही म्हणून कुलूप. त्यापेक्षा जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात चार खाटा, एक कायमची नर्स आणि आठवड्यातून तीन दिवस गाडी एवढं मागा, कारण त्याला नवीन लेखाशीर्ष लागत नाही. पैसे एनएचएममधून (राष्ट्रीय आरोग्य अभियान) येऊ शकतात पण त्यासाठी जिल्ह्याच्या पीआयपीमध्ये, म्हणजे वर पाठवायच्या खर्चाच्या आराखड्यात, तुमची ओळ असायला हवी, आणि ही ओळ जिल्ह्यातून वर जाते, मंत्रालयातून खाली येत नाही. आम्ही दोन वर्षं मुंबईच्या चकरा मारल्या आणि नंतर कळलं की आमच्याच जिल्ह्याने मागणीच टाकली नव्हती! हिवाळ्यात प्रस्तावांची जुळवाजुळव सुरू होते तेव्हा जिल्हा रुग्णालयातल्या एनसीडी (असंसर्गजन्य आजार) सेलच्या माणसाला भेटा. तो बहुतेक कंत्राटी असतो, कामाने पिचलेला असतो, त्याला भाषण नको असतं, त्याला तयार एक्सेल शीट हवी असते. ती तुम्ही भरून न्या. किती पेशंट, कुठल्या पीएचसीखाली (प्राथमिक आरोग्य केंद्र), आठवड्याला किती किलोमीटर, कुठली औषधं, एवढंच. जिल्हा नियोजन समितीचा पैसा हा दुसरा रस्ता आहे, गाडीसाठी किंवा एअर बेड, कमोड खुर्च्यांसाठी तो बरा पडतो, पगारासाठी नाही.

केरळचं उदाहरण सगळेच देतात, तुम्हीही द्याल, म्हणून एक गोष्ट ध्यानात ठेवा. कोझिकोडला डॉक्टर राजगोपाल आणि मंडळींनी काम सुरू केलं १९९३ ला, आणि सरकारचं धोरण आलं २००८ ला. मधली पंधरा वर्षं रिक्षावाले, शिक्षक, कॉलेजची पोरं, मशिदीतले आणि चर्चमधले लोक घरोघरी जात होते, आणि पंचायतीला ते काम डोळ्याने दिसत होतं. तिथे सरकारने चालू गाडीला इंजिन जोडलं. आपल्याकडे कुणी उलटं सांगितलं, की आधी जीआर काढा मग आम्ही काम सुरू करू, तर मी त्या मीटिंगमधून चहा पिऊन उठतो. तुमचं काम आधीच चालू आहे ही तुमची सगळ्यात मोठी ताकद आहे आणि निवेदनात तुम्ही ते शेवटच्या ओळीत लिहिलं होतं.

मॉर्फिनवर जरा थांबतो कारण इथे सरकारशिवाय पानही हलत नाही. १९८५ चा एनडीपीएस (अंमली पदार्थांचा) कायदा आला आणि मॉर्फिन ठेवायचं म्हणजे चार-पाच वेगवेगळी लायसन्स, एक येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायची, म्हणून केमिस्टने आणि हॉस्पिटलांनी नादच सोडला. डॉक्टरांची एक अख्खी पिढी मॉर्फिनची गोळी न लिहिता रिटायर झाली. २०१४ ला संसदेने कायदा बदलला, आवश्यक मादक औषधं असा वेगळा गट केला आणि आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून एकाच खात्याकडे अर्ज करायचा, औषध नियंत्रकाकडे, आपल्याकडे म्हणजे एफडीए (अन्न व औषध प्रशासन). प्रशिक्षण घेतलेला एक डॉक्टर दाखवायचा, कुलपाचं कपाट, नोंदवही, वर्षाचा हिशेब. एवढं सोपं झालं, आणि तरी जिल्ह्याच्या ठिकाणी तुम्हाला लोक सांगतील "ते मुंबईलाच मिळतं". का? कारण कायदा बदलल्याचं पत्र त्यांच्या फाईलला लागलेलं नसतं आणि चुकून गोळी कमी भरली तर नोकरी जाईल ही भीती मात्र पक्की असते. एका औषध निर्माण अधिकाऱ्याने मला सरळ सांगितलं होतं, सर, पेशंट दुखण्याने ओरडला तर माझी चौकशी होत नाही, गोळी हरवली तर होते. यावर मी अजून कुठलंही उत्तर शोधू शकलो नाहीये, फक्त त्यांच्याशी बसून नोंदवही कशी ठेवायची ते दोनदा तीनदा करून दाखवलं आणि मग त्यांनी स्टॉक ठेवला. ॲडव्होकसी (सरकारकडे पाठपुरावा) म्हणजे मोर्चा वगैरे डोक्यात असतं ना, निम्मी ॲडव्होकसी ही अशी नोंदवही भरून दाखवणं असते.

अजून एक मागणी जी कुणी करत नाही आणि जी फुकट आहे: घरी होणाऱ्या मृत्यूचा दाखला. आयसीयूतून लोक 'डामा' लिहून देऊन पेशंट घरी आणतात, डॉक्टरच्या सल्ल्याविरुद्ध नेतोय अशी सही करून. खरं म्हणजे बहुतेक वेळा डॉक्टरलाही माहीत असतं की आता काही होणार नाही, पण बोलायचं कुणी. मग ॲम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजन काढतात, घरी आणतात, घशात घरघर, वेदना, जवळ एक औषध नाही, आणि पहाटे गेल्यावर दाखल्यासाठी डॉक्टर शोधत हिंडायचं, स्मशानात कागद मागतात. गावातला डॉक्टर म्हणतो मी तपासलंच नव्हतं, कसा देऊ. या एका भीतीपोटी कितीतरी माणसं शेवटच्या दिवशी परत हॉस्पिटलात नेली जातात, घरी मरू दिलं जात नाही. घरी झालेल्या मृत्यूसाठी वैद्यकीय कारणाचा वेगळा फॉर्म आहे, ४-ए, तो काही नवीन शोध नाही. तुम्ही मागा की ज्या पेशंटची पॅलिएटिव्ह नोंद पीएचसीत आहे त्याचा घरी मृत्यू झाला तर मेडिकल ऑफिसरने तो फॉर्म द्यावा, असं डीएचओचं (जिल्हा आरोग्य अधिकारी) एक पत्र निघू द्या. एक पानाचं पत्र. आमच्याकडे ते निघायला तीन भेटी लागल्या, आणि माझ्या मते आजवर सरकारकडून मिळवलेल्या गोष्टींमधली ती सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे.

आता लिव्हिंग विल. इथे पहिली सूचना म्हणजे हे आणि हॉस्पिस एकाच अर्जात टाकू नका. तुम्ही टाकलं होतंत, आणि मला खात्री आहे वाचणाऱ्याने पेनाने समासात लिहिलं असेल "इच्छामरण?" आणि फाईल विधी विभागाकडे गेली असेल. हा शब्द आपला घात करतो. भीष्मापासून सगळं आठवतं लोकांना, त्यात केईएममधल्या, वर्षानुवर्षं अचेतन पडून राहिलेल्या नर्स अरुणा शानबाग यांचं प्रकरण महाराष्ट्राच्या चांगलं लक्षात आहे, २०११ चा निकाल, मग २०१५ ला न्यूमोनियाने त्यांचं जाणं. इंजेक्शन देऊन मारणं हे भारतात बेकायदेशीर होतं आणि आहे. आपण बोलतोय ते वेगळं: आजार बरा होणार नाही, माणूस स्वतः सांगू शकत नाही, अशा वेळी व्हेंटिलेटर वगैरे लावू नये किंवा काढावं, आणि त्रास कमी करायचे उपचार मात्र शेवटपर्यंत चालू ठेवावेत, हे आधीच लिहून ठेवणं. 'इच्छापत्र' म्हणालात तर लोक घर कुणाच्या नावावर ते विचारतात, म्हणून मी 'वैद्यकीय इच्छापत्र' म्हणतो, किंवा सरळ लिव्हिंग विल, तो शब्द आता रुळलाय. आणि मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्येही आगाऊ निर्देश नावाचा प्रकार आहे, तो वेगळा, ऑफिसात बऱ्याचदा तोच फॉर्म काढून देतात, तेवढं बघा.

सुप्रीम कोर्टाने ९ मार्च २०१८ ला हा हक्क मान्य केला पण प्रक्रिया अशी घातली की दोन साक्षीदार, वर मॅजिस्ट्रेटची सही, मग जिल्हाधिकाऱ्याने डॉक्टरांचं बोर्ड नेमायचं, परत मॅजिस्ट्रेटने पेशंटला बघायला यायचं. पाच वर्षांत तो रस्ता चालून गेलेला माणूस मला तरी भेटला नाही. २४ जानेवारी २०२३ ला कोर्टाने स्वतःच ते सोपं केलं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. हॉस्पिटलचं एक बोर्ड, मग दुसरं बोर्ड, दोन्हीतल्या तज्ज्ञांना पाच वर्षांचा अनुभव चालतो (आधी वीस होता), शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं, आणि मॅजिस्ट्रेटला फक्त कळवायचं. कागद लिहिलेला नसला तरी घरच्यांच्या संमतीने याच दोन बोर्डांतून जाता येतं, हे बऱ्याच डॉक्टरांनाही माहीत नसतं.

मग सरकारकडे मागायचं काय राहिलं? दोन गोष्टी, अगदी नेमक्या.

एक, कस्टोडियन. लिव्हिंग विलची प्रत महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीकडे द्यायची आणि त्यांनी ती सांभाळायला एक अधिकारी नेमायचा असं निकालात आहे. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी यासाठी हायकोर्टात जनहित याचिका केली तेव्हा कुठे राज्यात हे अधिकारी नेमले गेले. गोव्यात ३१ मे २०२४ ला हायकोर्टाचे तेव्हाचे तिथले न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल करून सुरुवात केली. एका मोठ्या माणसाने सगळ्यांसमोर सही केली की खालची यंत्रणा कशी हलते ते बघायला ते उदाहरण चांगलं आहे, तुमच्या गावातल्या रिटायर्ड जज किंवा मुख्याध्यापकांना तयार करा. पण नेमणूक झाली म्हणजे टेबलावर माहिती आहे असं समजू नका. मी माझी प्रत घेऊन आमच्या नगरपालिकेत गेलो तर क्लार्कने ती उलटी सुलटी करून बघितली आणि विचारलं, "जन्म-मृत्यूला देऊ का? पण तुम्ही तर जिवंत आहात." शेवटी आवक रजिस्टरला नंबर पडला, सही शिक्का मिळाला, आणि प्रत कुठल्या कपाटात गेली देव जाणे. म्हणून मागणी अशी लिहा की कस्टोडियनचं पदनाम आणि ऑफिसची वेळ दर्शनी फलकावर लावावी, वेगळी नोंदवही ठेवावी, पोच द्यावी, आणि हॉस्पिटलने रात्री विचारलं तर खात्री कोण करणार ते ठरवावं. शेवटचं सगळ्यात अवघड आहे. तोवर एक प्रत मुलाकडे, एक फॅमिली डॉक्टरकडे, आणि फोटो फोनमध्ये.

दोन, दुसरं बोर्ड. त्यात जिल्ह्याच्या 'चीफ मेडिकल ऑफिसर'ने नेमलेला एक डॉक्टर हवा असं कोर्ट म्हणतं. आता गंमत बघा, महाराष्ट्रात या नावाचं पदच नाही, आपल्याकडे जिल्हा शल्य चिकित्सक वेगळे, जिल्हा आरोग्य अधिकारी वेगळे, महापालिकेचे आरोग्य अधिकारी अजून वेगळे. रात्री अकरा वाजता आयसीयूने फोन कुणाला करायचा? प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि तेवढ्यात कुटुंब डामा लिहून मोकळं होतं. कर्नाटकने ३० जानेवारी २०२५ ला यासाठी रीतसर परिपत्रक काढलं, ते प्रिंट काढून सोबत जोडा, शेजारच्या राज्याचा कागद दिसला की आपल्याकडच्या अधिकाऱ्याला टिपणी लिहायला आधार मिळतो, हे मी कित्येकदा अनुभवलंय. तुमच्या जिल्ह्यापुरती मागणी एवढीच की शल्य चिकित्सकांनी आठ-दहा डॉक्टरांची यादी आगाऊ मंजूर करून सगळ्या आयसीयूंना कळवावी.

डॉक्टर मंडळी विरोध करतील हे धरून चाला. २०२४ ला केंद्राने लाइफ सपोर्ट काढण्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा आणला तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेनेच, आयएमएने, आक्षेप घेतला, की यात डॉक्टर अडचणीत येतील. त्यांची भीती खोटी नाही, काचा त्यांच्याच फुटतात. म्हणून स्थानिक आयएमएला आधी भेटा, कलेक्टरला नंतर. त्यांचं एक पत्र तुमच्या शंभर सह्यांपेक्षा जड असतं.

विम्याबद्दल कुणीतरी तुमच्या ग्रुपमध्ये नक्की बोलणार, म्हणून सांगून ठेवतो: पॉलिसीच्या वगळलेल्या गोष्टींत 'एक्सल ०५' असा कोड असतो, त्यात मरणासन्न माणसाच्या शारीरिक, भावनिक वगैरे गरजांसाठीची सेवा सरळ बाहेर ठेवलीय. ही भाषा विमा नियामकाची, आयआरडीएआयची आहे, सगळ्या कंपन्यांना सारखी, त्यामुळे आमदाराला घेराव घालून काही होणार नाही. तो विषय दिल्लीचा आहे, खासदाराला प्रश्न विचारायला लावा आणि तूर्त बाजूला ठेवा.

खाती वेगळी वेगळी धरा हे विसरू नका: खाटा आणि नर्स सार्वजनिक आरोग्यची, मेडिकल कॉलेज असेल तर वैद्यकीय शिक्षण, कस्टोडियन शहरात नगरविकास आणि गावात ग्रामविकास, मॉर्फिन एफडीए. एका अर्जावर चार खात्यांची नावं लिहिलीत की चौघेही समजतात बाकीचे तिघे बघतील. चार अर्ज करा, प्रत्येकी एक पान, प्रत्येकात एकच मागणी, आणि शेवटी त्या अधिकाऱ्याला काढता येईल असा पत्राचा मसुदाच जोडा, शासकीय भाषेत, "उपरोक्त विषयान्वये" सकट. लाज वाटू देऊ नका, टायपिंग वाचलं तरी लोक दुवा देतात.

आणि पेशंटच्या घरच्यांना सोबत न्या पण त्यांना रडायला लावू नका. मी एकदा एका बाईंना नेलं होतं, नवरा गेल्याला दोन महिने झालेले, सगळ्यांसमोर बोलायला लावलं, अधिकाऱ्यांच्या डोळ्यात पाणी आलं आणि काम शून्य झालं. त्या बाई परत कधी आमच्याकडे आल्या नाहीत. त्यानंतर मी फक्त ज्यांना स्वतःहून बोलायचंय त्यांनाच नेतो, आणि तेसुद्धा एखादी ठोस गोष्ट सांगायला, गोळी आणायला किती किलोमीटर गेलात, किती बस बदलल्या, किती दिवस पुरली.

सुरुवात कुठून करू विचाराल तर या सोमवारी जिल्हा रुग्णालयाच्या औषध भांडारात जा आणि तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या किती शिल्लक आहेत ते विचारा. तोंडी सांगत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, त्यात गेल्या दोन वर्षांची खरेदी आणि वाटपही मागा. शून्य आलं तर तोच तुमचा पहिला अर्ज, तो एफडीए आणि शल्य चिकित्सक दोघांना द्या, आणि दोघांची पोच जपून ठेवा.